मायरोच्या चढावर

पाण्याची टाकी तुडुंब भरलेली असताना कॉस्मोनं सुकाणू मायरो बेटाकडे वळवलं, तेव्हा वर्लिन शिडाच्या सावलीत बसून कांदा चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"अरे, इकडे कुठे? आज कीजच्या बेटांपाशी नांगर टाकायचं ठरलंय ना?"

"जरा पाणी भरून घेऊ."

"काल क्लिफ्टनच्या धक्क्यावर मी स्वतः भरलंय. सांडेपर्यंत."

"मग नीरफणस घेऊ," कॉस्मो म्हणाला आणि उगाचच शिडाकडे बघत राहिला.

वर्लिननं यूडीनकडे पाहिलं. एरवी नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याला फाटा फोडणारी यूडीन आज मन लावून दोरखंडाची गुंडाळी करत होती, आणि ती गुंडाळी आधीच झालेली होती.

तिघं कॅरियाकू बेटावरच्या एकाच शाळेत शिकलेली. कॉस्मोनं ही बोट स्वतःच्या हातांनी बांधली होती. वर्लिन चौतीस वर्षं ब्रुकलिनमध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करून आईच्या आजारपणासाठी गावी परतली होती. मार्चमध्ये आई गेली. "चल, आठ दिवस बेटं बेटं फिरू, बेक्वेपर्यंत जाऊन येऊ," हा यूडीनचाच हट्ट.

धक्क्यावर एक माणूस जाळं शिवत बसला होता. वर्लिननं छोट्या होडीतून फळीवर पाय टाकला तसं त्यानं मान वर केली.

"इल्मा? सकाळीच दाढ काढायला युनियन बेटावर गेलीस ना? परत कशी आलीस, पोहत?"

"मी इल्मा नाही हो," वर्लिन हसून म्हणाली.

तो हसला नाही. तिच्या खांद्यावरून मागे उभ्या कॉस्मोकडे त्यानं पाहिलं आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं.

गावात जायला एकच रस्ता, तोही उभा चढ. अर्ध्या चढावर रमच्या दुकानातून एक जाडजूड बाई ओरडली, "अगं बया! ही कुणाची विजार चढवलीस, इल्मा? दात काढायला गेलीस की लाज?" दुकानातले चारपाच जण खदखदले. वर्लिन थांबून वळली, तसं हसणं एकेक करत विझलं. पुढे एका फाटकातून तिशीतली एक बाई लगबगीनं आली आणि तिच्या हातात झाकण लावलेला डबा देऊन म्हणाली, "इल्मामावशी, तुझा डबा. आईनं त्यात लांबी शंखाचं कालवण घातलंय, गरम आहे तोवर खा." वर्लिननं तोंड उघडायच्या आत ती आत गेलीसुद्धा.

परक्याचा गरम डबा हातात घेऊन वर्लिन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"यूडीन, ही इल्मा कोण?"

"असेल कुणीतरी. माणसासारखी माणसं असतात."

"मग तू माझ्याकडे बघून का बोलत नाहीस?"

यूडीन चढ चढू लागली होती.

टेकडीवर दगडी चर्च आहे. त्याच्या पायरीवर एक फार म्हातारी बाई ऊन खात बसली होती. पावलं ऐकून तिनं हात पुढे केला. वर्लिननं, चौतीस वर्षांच्या सवयीनं, तो धरला. म्हातारीनं तिचं मनगट चाचपलं, मग हनुवटी.

"हाडं कॅप्टन फर्दीची," ती म्हणाली. "पण बोल बघू काहीतरी."

"फर्दी माझे वडील, आजी. तुम्ही ओळखत होतात त्यांना?"

म्हातारीनं हात काढून घेतला आणि छातीवर क्रूस रेखला. "म्हणजे तू ती दुसरी."

वर्लिनचे वडील मालाची बोट चालवत. सिमेंट, कांदे, साखर. मंगळवारी निघत, शुक्रवारी परत येत. वारा पडला, इंजिन बिघडलं, माल उतरला नाही. कारणं आई ताट वाढता वाढता स्वतःच सांगायची, त्यांनी सांगायच्या आधी. ती कारणं वर्लिननं कधी कान देऊन ऐकलीच नव्हती.

ती पायरीवर बसली. डबा मांडीवर.

"किती जणांना माहीत आहे?"

कॉस्मोनं टोपी काढली. "कॅरियाकूत म्हणतेस? तसं... सगळ्यांनाच."

"आईला?"

"तिनंच शपथ घातली होती," यूडीन आता रडवेली झाली होती. "म्हणाली, मी जिवंत असेपर्यंत पोरीला सांगायचं नाही. तुला पत्रं लिहायला बसायचे ना, दर वेळी हात अडायचा गं."

"म्हणजे साठ वर्षं सगळा गाव शहाणा आणि मी एकटी खुळी."

"एकटी नाही," कॉस्मो हळूच म्हणाला. "इल्मालाही माहीत नाही. या लोकांनीही तिला कळू दिलेलं नाही. तिला वाटतं बाप जहाजावर असायचा म्हणून घरी नसायचा."

वर्लिननं खाली पाहिलं. युनियनची होडी टोकाला वळसा घालून धक्क्याकडे येत होती. चढावरच्या प्रत्येक दारात आता कुणी ना कुणी उभं होतं. आपण आत्ता उतरून बोटीत बसलो तरी संध्याकाळपर्यंत हे सगळं त्या बाईच्या कानावर जाणार, हे तिला दिसत होतं. राहावं की पळावं? रागावावं तर कुणावर? आईबाप दोघं मेलेली, आणि उरलेली ही अशी टोपी हातात धरून उभी.

"नांगर उचलू का?" कॉस्मोनं विचारलं. "तू म्हणशील तसं."

ती डबा घेऊन उठली आणि चढ उतरू लागली. तिच्या मागून दारंही उतरू लागली.

होडीतून एक बाई उतरली. फुलाफुलांचा झगा, गालाला रुमाल बांधलेला. तिनं मान वर केली आणि वर्लिनला आपलंच तोंड, थोडं सुजलेलं, समोरून येताना दिसलं. दोघी एकमेकींपासून हातभर अंतरावर थांबल्या.

इल्मानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग जवळ येऊन, रुमालाआड जेमतेम ओठ हलवत म्हणाली, "वर्लिन ना? मार्चमध्ये येणार होते मी. मग वाटलं, तिथे तुझं दुःख तुझं असू दे."

"तुला... तुला माहीत आहे?"

"हळू बोल. बाबांनीच सांगितलं, शेवटच्या आजारपणात. म्हणाले, वर्लिनला सांगायची छाती होत नाही." तिचे डोळे क्षणभर दुसरीकडे गेले. "नऊ वर्षं झाली. मी गावाला कळू दिलं नाही."

"का?"

"अगं, जन्मभर जपलंय त्यांनी माझ्यासाठी. कुणी एका शब्दानं बोललं नाही, भांडणातसुद्धा नाही. मला आधीच कळलंय असं आता कुठल्या तोंडानं सांगू?"

वर्लिनच्या मनात साठलेल्या प्रश्नांतून जो वर आला तो भलताच होता. "तुझं वय काय?"

"तुझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी."

चढ उतरताना वर्लिननं एक हिशेब मनाशी पक्का केला होता: कुणाच्या घरातून काय चोरीला गेलं. त्यातली घरं आता एकमेकांच्या जागी जाऊन बसली. आईची ती कारणं, ते वाढलेलं ताट, सगळं कुठे ठेवावं ते तिला कळेना.

"सगळे बघतायत," इल्मा कुजबुजली. "आता जरा रड."

"मला रडू येत नाहीये."

"मलाही नाही, दाढ ठणकतेय नुसती. मग मला मिठी मार आणि तोंड लपव."

वर्लिननं डबा फळीवर ठेवला आणि मिठी मारली. खारं पाणी, लवंगेचं तेल आणि उन्हात वाळवलेल्या कपड्यांचा वास आला. मागे चढावर कुणीतरी मोठ्यानं हुंदका दिला, मग दुसऱ्यानं. त्या जाड्या दुकानवाल्या बाईचा आवाज सगळ्यांत वर होता. यूडीनही त्यात असावी.

"आता सोडलंस तरी चालेल," थोड्या वेळानं इल्मा कानाशी म्हणाली.

वर्लिननं सोडलं नाही.