नसलेली दोरी

मिरकरवाडा बंदराजवळच्या त्या शाळेत दुपारची खिचडी झाली, की दर्शनाबाईंच्या तिसरीत झोपेची साथ यायची. खिचडी पोटात, गणित फळ्यावर आणि पोरं तिसऱ्याच गावाला. म्हणून बाईंनी गणिताच्या मधेच पाच मिनिटं कवायत सुरू केली. हात वर, हात खाली. पोरं हात असे वर करायची, जणू पोलिसांनीच पकडलंय.

एक दिवस सानवी म्हणाली, "बाई, त्यापरास रापण ओढूया ना!"

सानवीचा आजा रापणवाला. समुद्रात लांबलचक जाळं सोडायचं, त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या दोन रांगांनी किनाऱ्यावर ओढायच्या आणि दोरीला हात लावेल त्याला माशांचा वाटा द्यायचा, मग तो वाटेवरचा पाहुणा का असेना.

झालं! बाकं भिंतीला गेली, नसलेली दोरी पोरांच्या हातात आली आणि "हेऽऽ ओढ!"च्या आरोळ्यांनी कौलं थरथरायला लागली. गंमत म्हणजे, त्यानंतर गणितही डोक्यात शिरू लागलं. पाढे म्हणताना पेंगणारा मितेश आता आपणहून उभा राहायचा. खुद्द बाईंनाच त्या पाच मिनिटांची ओढ लागली होती, फक्त त्या तसं बोलून दाखवत नसत.

पण भिंतीपलीकडे होती काशीराम गुरुजींची चौथी. गुरुजींच्या वर्गात माशीसुद्धा परवानगी काढून उडायची. त्यांनी तक्रारींचा धोशा लावला, तेव्हा मुख्याध्यापिका मोठ्या बाईंनी निक्षून सांगितलं, "गुरुजींची आणखी एक तक्रार आली, की तुमची रापण बंद."

दर्शनाबाईंचा जीव टांगणीला लागला. त्यांनी पोरांना हळू ओरडायला सांगून पाहिलं. पण मुक्यानं ओढायची ती रापण कसली?

दुसऱ्याच दिवशी आरोळी टिपेला पोचली आणि दार धाडकन उघडलं. दारात गुरुजी, हातात डस्टर.

"दर्शनाबाई, ही शाळा आहे की बंदर?"

पोरं दोरी धरून जागच्या जागी थिजली. संपलं, असं बाईंच्या मनात आलं आणि त्यांना रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. गुरुजी तरातरा टेबलाकडे निघाले. मधे दोरी आली. गुरुजी थबकले, पँट किंचित वर धरली आणि पाय उचलून जपून पलीकडे गेले.

मग सगळ्यांनाच आठवलं, की तिथे दोरी नव्हतीच.

वर्ग खो खो हसत सुटला. गुरुजींचे कान लाल झाले. "दोरीवर पाय देऊ नये," ते पुटपुटले. "आमचा बाबा धपाटा घालायचा."

"गुरुजी, ह्या अंगाला माणसं कमी हायत," सानवी म्हणाली. "हात लावा ना, नायतर दोरी सुटल!"

गुरुजींनी डस्टरकडे पाहिलं, ते खिशात कोंबलं आणि दोरी धरली. "अरे, नुसत्या हातानं काय ओढता? कमरेतून जोर लावा! हेऽऽऽ ओढ!"

त्या दिवसातली सगळ्यांत मोठी आरोळी तीच होती.

जाळं किनाऱ्याला लागलं. सानवीने वाटे घातले आणि गुरुजींच्या पसरलेल्या तळहातावर काहीतरी अलगद ठेवलं. "तुमचा वाटा. बांगडा."

गुरुजी हाताकडे बघत राहिले. आता तक्रार करणार की काय, असं बाईंना वाटलं.

"एकच?" गुरुजी म्हणाले. "माणसं कमी, मग म्हावरं तरी कुठून येणार? उद्यापासून माझी चौथी घेऊन येतो."

आणि ते निघाले. जाताना दार त्यांनी डाव्या हाताने ओढून घेतलं, कारण उजव्या मुठीत बांगडा होता.