कपाटाला टेकवलेला बेस

आमचे हे जबलपुरात ‘बेसवाले अच्युतराव’ म्हणून प्रसिद्ध आहेत, असं ते स्वतः सांगतात. दुसऱ्या कोणी सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारा ड्रमच्या मागे उभा असतो. लोक गाणारीकडे बघतात, फार तर ढोलकवाल्याकडे. निवेदक एकेकाचं नाव घेत ‘और बेस पर...’ इथवर पोचेपर्यंत लोकांची टाळ्यांची हौस फिटलेली असायची. गणपतीत, लग्नांत, भेडाघाटच्या मेळ्यात ह्यांनी उमेदीची सगळी वर्षं अशी मागे उभं राहून काढली. घरी आले की त्याचा राग माझ्या भाजीवर निघायचा.

ते वाजवतात चांगलं, हे आधीच सांगून टाकते. मी कडू बोलते, खोटं बोलत नाही.

लॉकडाऊनमध्ये नागपूरच्या मोहन नावाच्या मुलानं ‘खालचे सूर’ नावाचा ऑनलाइन ग्रुप काढला, बेस नुकताच हातात घेतलेल्यांसाठी. नागपूर, रायपूर, इंदूर, जबलपूर, जिथे म्हणून कोणी हौसेनं बेस घेऊन बसलं होतं, ते सगळे तिथे जमा झाले. मोहननं ओळखीतून ह्यांना आत घेतलं आणि जाणकार म्हणून बसवलं. पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, ‘तार दाबली की खरखर येते, काय करू?’ ह्यांनी लिहिलं, ‘रियाज करा.’ त्यानं विचारलं, ‘कोणता?’ ह्यांनी लिहिलं, ‘आधी कान तयार करा, मग प्रश्न विचारा.’ झालं मार्गदर्शन. जुना फोन फ्रिजवर टाकून हे मोकळे झाले. म्हणाले, “नवशिक्यांच्या तोंडी कोण लागते?”

फोन मात्र फ्रिजवर टुणटुण करत राहिला. येता-जाता मी वाचायची. खरखरवाल्याला कोणीच धड उत्तर दिलं नव्हतं आणि मला ते माहीत होतं. शेवटी कणकेचे हात पुसले आणि लिहिलं, ‘दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबू नका. धातूच्या पट्टीच्या अगदी मागे बोट ठेवा, जोरही कमी लागेल.’ खातं ह्यांचं, म्हणून नाव ह्यांचंच लागलं. थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं, ‘सर, खरखर गेली!’ त्या दिवशी पोळ्या चांगल्या झाल्या.

मला कसं माहीत होतं? कारण आदल्याच आठवड्यात माझी खरखर गेली होती.

बेसची पेटी आमच्या पलंगाखाली असते. तिच्यावरची धूळ मी लग्न झाल्यापासून पुसत आले. आतल्या वस्तूला हात लावायचा नाही, ट्यूनिंग उतरतं, असा ह्यांचा कायदा. लॉकडाऊनमध्येही हे दुपारी गल्लीतल्या मित्राकडे पत्ते खेळायला जायचे. एका दुपारी मी पेटी उघडली आणि कायदा मोडला. ट्यूनिंग उतरलं नाही. मग रोजच मोडायला लागले.

अडचण एकच होती. बेसला ॲम्प्लिफायर लावला की भिंती थरथरतात, आणि शेजारी बातमी पोचायला तेवढं पुरे. ॲम्प्लिफायरशिवाय बेस नुसता पुटपुटतो. एकदा वाजवता वाजवता बेसचं टोक माझ्या आंदणातल्या सागवानी कपाटाला टेकलं आणि अख्खं कपाट घुमायला लागलं. आतल्या साड्यांतून सूर यावा तसा आवाज. माझ्या अंगावर काटा आला. तेव्हापासून तेच माझं यंत्र.

ही युक्ती मी ग्रुपवर टाकली आणि लोक वेडे झाले. कोणी दाराला टेकवून बघितला, कोणी सासूच्या दिवाणाला. ‘अच्युत सर ग्रेट’ असे संदेश आले. मग नवीन कोणी आलं की स्वागत मीच करायला लागले. प्रत्येकाला नावानं हाक, आणि एकच प्रश्न: ‘तुमच्या वाजवण्याला घरात कोण कुरकुरतं?’ लोक काय काय सांगायचे! एकानं तर चारच तारा आहेत, सोपं असेल म्हणून बेस घेतला होता. त्याला मी हसले नाही. गाणं वाजवायची घाई करू नका, एकच तार घ्या, पायानं ताल धरा, इतकंच सांगितलं. शिकणाऱ्याला काय अडतं हे शिकणाऱ्यालाच कळतं, आणि मी तर ह्या सगळ्यांच्या एका धड्यानेच पुढे होते.

इथलीच, जबलपुरातल्या अधारतालची विनीता तिथेच आली. मोबाइलच्या दुकानात काम करणारी पोरगी. तिनं हिंदीत लिहिलं की हात फार लहान आहेत, घरचे हसतात, विकून टाकू का? माझा पंजा तिच्याहून लहान असेल. मी तिला सविस्तर लिहिलं: पाचव्या पट्टीपासून सुरू कर, तिथे पट्ट्या जवळजवळ असतात. अंगठा बेसच्या मानेच्या मागे ठेव. बोटं ताणू नकोस, सगळा हातच सरकव. मनगट दुखलं तर थांब. बोटांची टोकं दुखली तर थांबू नकोस. आधी ती सुजतील, मग सालं निघतील, मग घट्टे पडतील. घट्टे पडले की समज, बेसनं तुला घरात घेतलं. तिचं उत्तर आलं, ‘सर, पहली बार कोई हँसा नहीं.’ मी ते कितीदा वाचलं, विचारू नका.

आणि मग मोहनचा फोन आला, ह्यांच्या नव्या फोनवर. ग्रुपचं संमेलन जबलपूरला, आमच्याच महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये, आणि त्यात अच्युत सरांचा सत्कार. फोन ठेवून हे स्वयंपाकघरात आले.

“काहून, माझ्या नावानं काय लिहून राहिली होती तू?”

मी फ्रिजवरचा फोन हातात दिला. चष्मा लावून हे वाचत बसले, जेवणसुद्धा विसरले. मला वाटलं, आता ओरडतात. ओरडले नाहीत.

“कपाटाचं कसं सुचलं तुला?”

“ऐकून ऐकून,” मी म्हटलं. पेटी उघडते हे सांगायची हिंमत झाली नाही.

“अच्छा. जमलं आहे. माझ्याजवळ राहून कान तयार झाला तुझा.”

“मग तिथं सांगाल ना, मी लिहिलं म्हणून?”

“बघू ना. चलो, चहा टाक.”

‘बघू’ म्हणजे काय, हे बायकोला कळतं. तरी मी आशा धरली. मला शाल नको होती, माइक नको होता. एक वाक्य हवं होतं: ‘हे हिनं लिहिलं.’ जन्मभर आपलं नाव घेतलं गेलं नाही म्हणून जळलेला माणूस, त्याला तरी ते कळेल असं वाटलं. मूर्ख होते मी.

संमेलनाला हॉल भरला होता. पोरं आपापले बेस पाठीला लावून आली होती. विनीता पुढच्याच रांगेत, बेस मांडीवर आडवा घेऊन बसलेली. सत्कार झाला, शाल, श्रीफळ, टाळ्या. मग मोहन माइकवर म्हणाला, “सरांच्या मागे खंबीरपणे उभ्या राहिलेल्या वहिनींनाही विसरून चालणार नाही.” मंडळाच्या अध्यक्षांच्या पत्नी, बेबीताई, ताट घेऊन आल्या.

“वहिनी, पदर पसरा.”

मी पदर पसरला. त्यांनी कुंकू लावलं. खण, नारळ, ओंजळ-ओंजळ तांदूळ घालून ओटी भरली. ओटी भरली की पदर दोन्ही हातांनी धरावा लागतो. एक दाणा सांडला तरी बायका हळहळतात. मी ते ओझं धरून पहिल्या रांगेत कडेला बसले.

मग प्रश्न सुरू झाले. एकानं विचारलं, “सर, कपाटाची आयडिया कशी सुचली?”

हे खाकरले. “असं आहे, एकदा आमचा प्रोग्राम होता सिवनीला. धर्मशाळेत उतरलो होतो. लाइट गेली, ॲम्प्लिफायर बंद. मी म्हटलं, रियाज थोडीच थांबतो? समोर एक अलमारी दिसली...”

सिवनी! माझ्या आंदणाचं कपाट सिवनीच्या धर्मशाळेत जाऊन पोचलं. लोक टाळ्या वाजवत होते. मी ह्यांच्याकडे टक लावून बघत राहिले आणि त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. तेही एक वेळ मी गिळलं असतं.

विनीता उठली. हात पुढे करून म्हणाली, “सर, मीच ती छोटे हाथवाली. आपने लिखा था, पाँचवें फ्रेट से शुरू करो. मी तसंच करून राहिली. एक बार देखकर बताइए ना, सही कर रही हूँ?”

तिनं वाजवून दाखवलं. हात सरकवत, अंगठा मागे, जसं मी लिहिलं होतं अगदी तसंच. कच्चं होतं, पण बरोबर होतं. ह्यांचे पंजे सुपाएवढे. ह्यांना कधी काही ताणावं लागलं नाही की सरकवावं लागलं नाही. ते उत्तर त्यांनी वाचलं असेल, पण त्यातलं त्यांना काही कळलं नसणार. हॉल सरांच्या तोंडाकडे बघत होता.

“बेटा,” हे मायेनं म्हणाले, “वो तो तुम्हारा मन रखने के लिए लिखा था. सच बोलूँ तो ये हाथ बेस के नहीं हैं. गाना सीखो, अच्छा रहेगा.”

पोरीचा हात तारेवरच राहिला.

“खोटं आहे!” मी मोठ्यानं बोलले. “मन राखायला नव्हतं लिहिलं. ती बरोबर वाजवून राहिली. मी लिहिलं होतं ते, मला माहीत आहे!”

मला उठायचं होतं, हात वर करायचा होता, तिच्या मांडीवरचा बेस घेऊन पाचव्या पट्टीवर बोट ठेवून दाखवायचं होतं. पदरात नारळ होता. उठताना तांदूळ घरंगळले. बेबीताई धावल्या, “अहो वहिनी, ओटी! सांभाळा!” आणि हे माइकवर हसून म्हणाले, “आमच्या सौ. नेहमी पोरींची बाजू घेतात. घरी पण मीच हरतो.”

सगळा हॉल हसला. मोहनसुद्धा. मी पुन्हा खाली बसले आणि पदर घट्ट धरला. ही लाज आहे की संताप, हे तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं, संताप होता. लाज त्यांना वाटायला हवी होती.

चहाच्या वेळी विनीता खिडकीपाशी एकटी उभी होती. बेस पिशवीत बंद. ओटी एकदाची माझ्या पिशवीत रिकामी करून मी तिच्याजवळ गेले.

“विनीता, ऐक. सर म्हणाले ते डोक्यातून काढ. तुला ते मी लिहिलं होतं. तुला, सगळ्यांना, मीच लिहीत होते.”

ती समजूतदारपणे हसली. रडवेल्या माणसाची कोणी समजूत काढायला आलं की तो हसतो, तसं. “जाऊ द्या ना, आंटी. आप बहुत अच्छी हैं. सर ने सच ही बोला.”

“अगं, खरंच. हे बघ.” मी डावा हात तिच्यापुढे धरला. बोटांची टोकं वर केली. घट्टे नीट दिसत होते, पिवळट, कडक, मधे तारेची रेघ उमटलेली. एवढ्या वर्षांत स्वतःहून कोणाला काही दाखवलं असेल तर ते हेच.

विनीतानं माझा हात हातात घेतला. अंगठा त्या टोकांवरून हळूच फिरवला. मला वाटलं, आता कळेल. तिला नाही तर कोणाला कळणार?

“मम्मी के भी ऐसे ही हो गए थे,” ती म्हणाली. “बर्तन घासून. आंटी, साबण बदलून बघा.”

मी हात मागे घेतला. “हो,” म्हटलं, “बदलते.”

त्यानंतर ग्रुपचा कारभार ह्यांनी स्वतःकडे घेतला. नव्या फोनवर खातं, नवा पासवर्ड. फ्रिजवरचा जुना फोन आता वाजत नाही. त्यावर ग्रुप उघडतो, वाचता येतं, लिहायला गेलं की पासवर्ड मागतो. त्यावरच मी विनीताची जाहिरात वाचली. बेस विकायचा आहे, कमी वापरलेला, कारण हात लहान. खाली ह्यांचं उत्तर, त्यांनी मन लावून लिहिलेलं पहिलंच: ‘योग्य निर्णय. प्रत्येकानं आपली मर्यादा ओळखावी. आशीर्वाद.’ त्याला पुष्कळांनी हात जोडले होते.

दुपार होती. हे पत्ते सोडून हल्ली घरीच असतात, बाहेरच्या खोलीत पडल्या पडल्या उत्तरं लिहितात. मी आत जाऊन दार लोटलं. पेटी ओढली. ओटीतल्या खणानं तारा पुसल्या. त्या खणाचा दुसरा उपयोग मला सुचला नाही. बेस कपाटाला टेकवला, पाचव्या पट्टीवर बोट ठेवलं आणि एकच सूर वाजवला. मुद्दाम जोरात वाजवला. घुमू दे म्हटलं, ऐकू दे एकदाचं, येऊ दे आत.

कपाट घुमलं. बाहेर पलंग करकरला. मी वाट बघत होते.

“अनसूया,” ह्यांचा आवाज आला, “ते कपाट काहून असं वाजून राहिलं? लाकूड फुगलं वाटते. सुताराला बोलाव.”