‘रन’च्या खणावर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खण आहे. तुम्ही ज्याला ड्रॉवर म्हणता, तो. एका शब्दकोशाच्या कार्यालयात भिंतीला टेकून एक लांबरुंद कपाट उभं आहे. त्यात आम्ही छत्तीस भाऊबंद राहतो. कपाट पुरं झाल्यावर सुताराकडे एक फळी उरली होती, तिचा मी झालो. म्हणजे घरातलं शेंडेफळ. आणि शेंडेफळाचे लाड होतात, तसे माझेही झाले. नंतर जे झालं ते सांगायलाच आज तोंड उघडलं आहे.

त्या खोलीत इंग्रजी-मराठी कोश घडत होता. कामाची रीत ठरलेली होती. शब्दाच्या एका वापराला एक कार्ड. वर इंग्रजी वाक्य, खाली मराठी शब्द आणि कोपऱ्यात तो शब्द ज्याने सांगितला त्याचा धंदा. बाकीच्या खणांत शेकडो शब्द दाटीवाटीने राहत. माझ्या पोटात मात्र एकच शब्द होता, ‘रन’. इंग्रजीत अवघ्या तीन अक्षरांचा जीव, पण पसारा केवढा! नदी ‘रन’ होते, नाक ‘रन’ होतं, यंत्र, दुकान, अफवा, ताप, सगळ्यांना हाच एक शब्द. निवडणुकीला त्यांच्याकडे माणूस धावतो, आपल्याकडे तो उभा राहतो. हे कार्ड लिहिताना कोशाचं काम करणाऱ्या बाई एकट्याच खुदकन हसल्या होत्या.

या बाईंनीच मला भरलं. एकोणीस वर्षं. “खुर्चीत बसून शब्द पाडायचे नाहीत,” असं त्या म्हणत. पिशवीत कोरी कार्डं घेऊन त्या नर्सकडे जात, नळ दुरुस्त करणाऱ्याकडे जात, विणकामाच्या वर्गात तासभर बसून येत. परतल्या की आधी मला उघडत आणि नवं कार्ड त्याच्या जागी उभं करत. मग दोन बोटांनी मला ढकलून म्हणत, “सांभाळ रे बाबा.” मी सांभाळलं. एकाही कार्डाला वाळवी लागू दिली नाही.

समोरच्या लाँड्रीवाल्या मावशींचं कार्ड माझं सगळ्यात लाडकं होतं. कपड्याचा रंग ‘रन’ होतो त्याला काय म्हणता, असं बाईंनी त्यांना विचारलं होतं. मावशी हात पुसत इथेच, माझ्यासमोर बसल्या होत्या.

“कुठं होतो त्यावर आहे, बाई. पाण्यात उतरला तर रंग गेला. शेजारच्या कपड्यावर बसला तर रंग लागला. दोन्ही एक नव्हेत. पहिल्यात कापडाचं वाटोळं, दुसऱ्यात माझं.”

बाईंनी शब्दन् शब्द उतरवून घेतला. “मावशी, हे कोशात छापून येईल. माझा शब्द आहे,” त्या म्हणाल्या. मावशी लाजल्या. त्यानंतर त्या बाईंचे इस्त्रीचे कपडे द्यायला आल्या की दारातूनच विचारायच्या, “आमचा रंग कुठवर आला?” आणि बाई मला थोपटून सांगायच्या, “इथं सुखरूप आहे.”

मग छपाईची वेळ आली. मुख्य संपादक चारशे बारा कार्डांची थप्पी पाहून कपाळाला हात लावून बसले. “बाई, एका शब्दाला तीन पानं? वाचणारा म्हातारा होईल. अर्धा रकाना देतो, त्यात बसवा.”

“सर, मी लोकांना कबूल केलंय.”

“कोश लोकांचा असतो, बाई, पण पानं मोजकीच असतात.”

मला वाटलं, आता बाई पदर खोचतील. एकोणीस वर्षांची मेहनत आहे, चार दिवस तरी भांडतील. बाईंनी चष्मा पुसला आणि सही केली. मी तोवर त्यांच्यावर कधी रागावलो नव्हतो, त्या दिवशी रागावलो.

पुढचं तर त्याहून जिव्हारी लागलं. कोऱ्या कार्डांचा कायम तुटवडा, म्हणून कार्यालयाची एक रीत होती: निकालात निघालेल्या कार्डाच्या पाठीवर पुढचा शब्द लिहायचा. बाईंनी अकरा कार्डं छापखान्यात पाठवली. उरलेली स्वतःच्या हातांनी माझ्यातून काढली, पालथी केली आणि त्यांच्या पाठीवर ‘सेट’ या दुसऱ्या इंग्रजी शब्दाचे वापर लिहून शेजारच्या खणात रचली. मला ढकलून बंद केलं. या वेळी काही म्हणाल्या नाहीत.

कोश आला त्या दुपारी मावशी आल्या. धुतलेलं पातळ नेसून, केस विंचरून. त्यांनी बोट फिरवत सगळा अर्धा रकाना वाचला. धावणे, पळणे, वाहणे, चालवणे. पुन्हा वरून वाचला.

“बाई, रंग दिसत नाही कुठं.”

“जागा कमी पडली, मावशी. पुढच्या आवृत्तीत नक्की.”

“बरं. मग ते कार्ड तरी दाखवा. तुमच्या अक्षरात पाहते, म्हणजे झालं.”

शेजारच्या खणात ते कार्ड होतं. फक्त उलटायचं होतं. पण काढून दाखवलं असतं तर पाठीवरचा दुसरा शब्दही दिसला असता. बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “हा खण अडकतो हो. उघडतच नाही आताशा.”

मित्रांनो, मी अडकत नव्हतो! एकोणीस वर्षांत एकदाही नाही. तेव्हा तोंड उघडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. स्वतःची लाज झाकायला बाईंनी माझी अब्रू पुढे केली.

दुसऱ्या दिवशी बाई टेबलाशी लिहीत असताना मावशी साबणाची वडी घेऊन हजर. “कडांना साबण घासला की खण कसा लोण्यासारखा सरकतो, बघा,” म्हणत त्यांनी मला हात घातला. बाई “राहू द्या, राहू द्या” म्हणत उठेपर्यंत मी बाहेर आलो होतो. एका बोटाने. आत एक टाचणी आणि धूळ.

मावशींनी आत पाहिलं. वडी पदराने पुसली.

“माझ्याकडनं कुणाचा रुमाल हरवला, तर मी तोंडावर सांगते, बाई,” त्या एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

मग बाईंनी शेजारचा खण उघडला, ते कार्ड शोधून काढलं, उलटून वाचलं. मला आशा वाटली. आता त्या हे कार्ड घेऊन रस्ता ओलांडतील, असं वाटलं. त्यांनी कार्ड पुन्हा पालथं केलं आणि ‘सेट’मध्ये जिथल्या तिथे ठेवून दिलं. त्यानंतर बाईंचे कपडे दुसऱ्या लाँड्रीत जाऊ लागले.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. माझं मागणं थोडं वेगळं आहे. आम्हाला रिकामं करा, माळ्यावर टाका, बंबात घाला, चालेल. पण तुमच्या हातून काही गेलं, तर ते तुमच्या हातून गेलं असंच सांगा. मी रोज उघडायला तयार असतो. मला अजून कोणी हात लावत नाही, कारण कार्यालयात सगळ्यांना ठाऊक आहे, तो खण अडकतो.