शेडची सोयरीक

शाळा कमिटीचा अध्यक्ष मला का केलं, हे वलगावात मला अजून कोणी सांगितलेलं नाही. माझा आवाज मोठा आहे, एवढंच कारण असावं. एकसष्ट साली गावात आठवीपासून हायस्कूल काढायचं ठरलं. विटांची इमारत बांधायला पैसा नव्हता आणि वेळही नव्हता, म्हणून तयार शेड आणायचं ठरलं. लोखंडी खांब, छपराचा भार पेलणाऱ्या कैच्या आणि वरची टिनं ट्रकमधून येतात, नटबोल्ट आवळले की वर्ग उभा. फक्त ते कोणाकडून घ्यायचं, हे आम्हाला ठरवायचं होतं.

कमिटीत बाईमाणूस म्हणून केशरबाई होती. तिची घाई आमच्यापेक्षा वेगळी होती. तिची शकुन सातवी पास झाली होती आणि नवऱ्यानं, पुंजाजीनं, घरात जाहीर केलं होतं की जूनमध्ये गावात आठवी निघाली तर पोरगी शिकेल, नाही तर हिवरखेडचं स्थळ पक्कं. अमरावतीला तिला रोज मोटारीनं धाडणार नाही. पुंजाजी वाईट माणूस नव्हे, पण एकदा बोलला की अडेल बैलासारखा बसकण मारतो.

दोन शेडवाले येऊन गेले. अमरावतीचा होता तो बाभळीच्या खोडासारखा. लोखंड परमिटवर मिळतं, दिवाळीआधी शेड होणार नाही, जमत असेल तर कळवा, एवढं बोलून चहा न घेताच उठला. मला त्याचा रागच आला. अकोल्याचा मात्र साखर पेरत आला. मृग लागायच्या आत शेड उभं करतो, नाही तर मिशी उतरवतो म्हणाला. खात्री करायची तर चांदूर बाजारला आमचं शेड पाहून या म्हणाला. सोयरीक करायची तर पोरीचं घर पाहिलंच पाहिजे, म्हणून आम्ही निघालो.

त्या शेडात संत्र्याच्या पेट्या ठेवत. वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. टिनांवर पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचे, भारे अंथरलेले आणि त्यांवर रेतीची पोती रचलेली. आत गारवा राहावा म्हणून ही सोय, असं अकोलेवाल्यानं सांगितलं आणि आम्ही माना डोलावल्या. वऱ्हाडात उन्हाळ्यात टिनावर पऱ्हाटी कोण टाकत नाही? मी तर त्याच्या हुशारीचं कौतुकही केलं. शेडच्या मालकानंही शेडची तारीफ केली. मग आंब्याचा रस आला, आणि रस ओरपणाऱ्या माणसात नाही म्हणायची ताकद उरत नाही.

केशरबाई रसाला बसली नाही. शेडच्या मागेच तिची मावसबहीण जाईबाई राहायची, तिच्याकडे पाणी पिऊन येते म्हणाली. परतताना मोटारीत तिनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला. मला वाटलं, उन्हानं डोकं दुखत असेल.

संध्याकाळी कमिटी बसली. मी अकोलेवाल्याचं नाव घेतलं आणि सगळ्यांचे हात वर झाले. केशरबाईचा हात मांडीवरच राहिला.

"भाऊ, ते पोते गारव्यासाठी नाहीत," ती म्हणाली. "मागच्या जेठात वावधन सुटलं, तं टिनं उडून जाईबाईच्या अंगणात पडले. तिचं लेकरू तवाच घरात गेलं होतं म्हणून वाचलं. मालकाले नवे टिनं फुकट देऊन चूप केलं अकोल्यावाल्यानं. तुमी अमरावतीवाल्याकडूनच घ्या."

मला माझाच इतका राग आला की रस खाल्लेलं तोंड धुऊन यावंसं वाटलं. पण अमरावतीवाला म्हणजे दिवाळी, आणि दिवाळी म्हणजे शकुनचं लग्न. मी तिला तसं विचारलं.

"सगळ्याइचे लेकरं बसतीन त्याच्याखाली," एवढंच ती म्हणाली. ठराव अमरावतीच्या नावानं झाला, आणि पुंजाजीनं हिवरखेडला होकार कळवला. त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही.

पण बाई गप्प बसणारी नव्हती. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तिनं स्वतःचा गोठा रिकामा केला, शेणानं सारवला, गव्हाणीवर फळा टेकवला आणि हेडमास्तरांना कळवलं की शेड येईपर्यंत आठवी इथं भरेल. बैल निंबाखाली बांधले. काही घरांनी नाकं मुरडली, बौद्धाच्या गोठ्यात पोरं कशी धाडायची म्हणे. स्वतःची ओसरी द्यायला मात्र त्यांच्यातलं कोणी पुढं आलं नाही. दोन-तीन दिवस कुरकुर झाली, मग त्यांचीही पोरं दप्तरं घेऊन आली. पुंजाजी सगळं पाहत होता.

त्याच आठवड्यात हिवरखेडचे पाहुणे पोरगी पाहायला आले. पुंजाजीनं मलाही बोलावून घेतलं होतं. गोठ्यातून पोरांच्या धडा वाचायच्या आवाजात शकुनचा आवाज वेगळा कळत होता. केशरबाई दाराआड उभी होती, तिच्याकडे पाहवेना. पाहुणे म्हणाले, पोरगी बोलवा.

"चहा घ्या, जेवून जा," पुंजाजी म्हणाला. "पण सोयरीक नाही जमत आता."

पाहुण्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काहून? शबूद देल्ला होता ना तुमी?"

"त्याच्या आधी घरात देल्ला होता, का गावात शाळा निघाली तं पोरगी शिकवीन. आता शाळाच माह्या घरात येऊन बसली, दादा. पोरीले घरातून काढू कसं?"