कूलरमधून उठणार नाही

मी कापशी बोलतेय. सिल्की जातीची कोंबडी. सध्या मुक्काम भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या एका क्वार्टरच्या व्हरांड्यात, जुन्या कूलरच्या आत. ऊन तापलंय, घरातल्या माणसांना कूलर परत हवाय, आणि मी अंड्यांवर बसलेय. उठणार नाही. का, ते ऐका.

माझा जन्म दुर्गचा, शोभेचे पक्षी पाळणाऱ्या एका माणसाच्या घरी, दिव्याच्या उबेत. अंगावर पांढरी पिसं आहेत, पण ती मेली नावाचीच पिसं. बदकाच्या पाठीवरून पाणी ओघळून जातं, माझ्या अंगात ते मुरतं. वर डोक्यावर एवढा मोठा झुपका, की समोरचं धड दिसत नाही. लोक बघायला येतात आणि विचारतात, "ससा होय का?" मी पाठ फिरवते.

सत्यशीलाबाई मला आणि माझ्या बहिणीला टोपलीत घालून इथे घेऊन आल्या. त्यांचं माहेर यवतमाळकडे, कपाशीच्या मुलखात. म्हणून मी कापशी आणि बहीण सरकी. त्यांची मुलगी लग्न होऊन लांब गेली होती आणि बाईंना बोलायला कुणीतरी हवं होतं. आम्ही ऐकायचो. मधेच एखादा शब्द टाकायचोही.

बाईंचे यजमान धनंजयराव इथल्या स्टील प्लांटमध्ये फॅब्रिकेशनला. पाऊस जवळ आला तसे ते म्हणाले, "पाखरं भिजली तं मरतीन. मी बनवतो घर." आणि बनवलं. कसं? पोलादी पत्र्याचं! चारी बाजूंनी वेल्डिंग, दाराला रबराची पट्टी. पाइपाने पाणी मारून त्यांनी सगळ्या गल्लीला दाखवलं. "थेंब जाऊन दाखवा आत!" पोलादाच्या गावातल्या माणसाला प्रत्येक दुखण्यावर पोलादच सुचतं, त्याला कोण काय करणार?

थेंब बाहेरून आला नाही, हे खरं. तो आतूनच आला. आमच्या श्वासाची वाफ गार पत्र्याला लागायची आणि रात्रभर अंगावर टपटपायची. खालचं तूस ओलं झालं, त्यात आमची घाण. वास असा उठायचा की डोळ्यांतून पाणी यायचं. सरकीच्या छातीत घरघर सुरू झाली. सकाळी तिचं अंग ओलं बघून धनंजयरावांना वाटलं, कुठेतरी फट राहिली. त्यांनी फटी शोधून शोधून बुजवल्या.

सरकी गेली. माझ्या अंगाला टेकून बसली होती आणि तशीच गेली. तिला मोकळी हवा मिळाली असती तर ती आज माझ्याशेजारी बसली असती. याचा राग मला अजून आहे आणि तो मी लपवणार नाही.

त्या दिवशी दार उघडलं तशी मी धो धो पावसात पळाले. झुपका डोळ्यांवर, पिसांचा चिखल झालेला. व्हरांड्यात कूलर ठेवला होता. पावसाळ्यात त्याला कोण विचारतो? पंखा काढलेला, जाळ्यांमधलं गवत काढलेलं, टाकी वाळावी म्हणून एक बाजू उघडी. मी आत शिरले. वर छत, इतर बाजूंना जाळ्या, आरपार वारा. मी पोटभर श्वास घेतला.

बाईंनी मला जुन्या लुगड्याने पुसलं आणि परत पोलादात ठेवलं. मी परत पळाले. त्यांनी परत ठेवलं. मी त्यांच्या हाताला चोच मारली, रक्त काढलं.

समोरच्या क्वार्टरमधले रूपेशभाऊ गंमत बघत होते. त्यांनी माझी पिसं फुंकरीने बाजूला केली. आमची कातडी काळी असते. ती बघून त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. "वहिनी, ही तं कडकनाथच हो! इथं जगत नाही हे नखऱ्याचं पाखरू. मरण्याआधी रस्सा करून टाका."

मी त्यांच्याकडे मान वर करून बघितलं. झुपक्यातून जेवढं बघता येतं तेवढं.

"ही सारखी पळते तरी का?" बाई म्हणाल्या. उठल्या, पोलादी घराजवळ गेल्या आणि वाकून स्वतःचं डोकं आत घातलं. खोकतच बाहेर आल्या.

"अहो, इकडे या. घाला डोकं आत."

"कावून?"

"घाला म्हणते ना!"

धनंजयरावांनी डोकं घातलं. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. हात वरच्या पत्र्यावरून फिरवला, तो ओला झाला. "लोखंडाले घाम येऊन राहिला ना वो," ते हळूच म्हणाले. "पाणी अडवता अडवता मी हवाच अडवली." 

तेव्हापासून कूलर माझा. बाईंनी खाली विटा मांडल्या, वर धानाचं तूस पसरलं, ओलं झालं की लगेच बदललं. झुपका कात्रीने कापला. उरलेला सबंध पावसाळा मी शिंकलेसुद्धा नाही. रूपेशभाऊंच्या नाकासमोरून रोज फिरले, मुद्दाम.

आता बाईंनी दुर्गहून आणलेली अंडी माझ्या पोटाखाली आहेत. आत टुकटुक सुरू झालीये. आणि आज धनंजयराव गवत, पंखा आणि पाण्याचा पाइप घेऊन समोर उभे राहिले.

"कापशे, ऊठ. तुझं घर कापून मोठ्या खिडक्या केल्या, जाळी बसवली. आता मस्त हवा येते. आमाले इथं उकडून राहिलं."

खिडक्या केल्यात, चांगलं केलंत. पण जिथे सरकी गेली तिथे मी पिल्लं नेणार नाही. पाऊस येऊ द्या, आधी तुम्ही त्या घरात डोकं घाला, मग बघू. उकडतंय? उकडू दे. तुमच्या घामाला वारा तरी लागतो.

त्यांनी हात पुढे केला. मी पिसं फुलवली आणि चोच उगारली. हात मागे गेला. मग त्यांनी पाइप गुंडाळला, तिथेच जमिनीवर बसले आणि पेपरने वारा घेऊ लागले. थोड्या वेळाने पेपर माझ्याकडेही हलवला.

"बस मंग," ते म्हणाले.

बसलेच आहे.