वैष्णवीचा कोपरा

वैष्णवीने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं तेव्हा कुरुंद्यात पेढे वाटले होते. आता वडिलांच्या, संतरामच्या, वर्षश्राद्धाला ती आली, तर त्याच पासपोर्टाची घरात अडचण होऊन बसली. "परदेशी माणसाच्या नावानं शेत ठिवताच येत न्हाई, सरकार जमा करून घेतंय," असं तिच्या भावाने, सोमेश्वरने, चौकातल्या हॉटेलात ऐकलं होतं. कुरुंद्यातला निम्मा कायदा चहाबरोबर उकळून निघतो आणि प्यायल्या प्यायल्या लागू होतो.

तसंही हक्कसोड करायचंच होतं. बापामागे बहिणीने तालुक्याला जाऊन आपला हिस्सा भावाच्या नावे सोडायचा, भावाने साडी-चोळी करायची, मग माहेर शाबूत. हिस्सा मागणाऱ्या बहिणीला दिवाळीचं बोलावणं येत नाही. आईने, गोजरबाईने, लेक विमानातून उतरायच्या आधीच हिरवी साडी आणून ठेवली होती.

वैष्णवीला कशाचंच काही वाटत नव्हतं. बाप गेला तेव्हा तिला सुटी मिळाली नाही. सरण तिने मोबाईलवर पाहिलं आणि मग कामावर गेली. तेव्हापासून आत सगळं गप्प होतं. परवा आई गळ्यात पडून रडली, तर ही तिची पाठ थोपटत उभी राहिली, शेजारच्या बाईसारखी.

काल शेतात गेली तेव्हा मात्र विहिरीजवळ जरा थांबली. लहानपणी बापाने तिला तिथे हळदीचं बेणं लावायला दिलं होतं. तेव्हापासून त्या तुकड्याला घरात सगळे वैष्णवीचा कोपरा म्हणत. तिथे बसली, माती हातात घेतली. त्या वर्षात पहिल्यांदा तिला काहीतरी वाटलं.

वसमतला वकिलाकडे पोचल्यावर सोमेश्वर झेरॉक्स काढायला खाली गेला. आई बाहेर बाकड्यावर, मांडीवर साडीची पिशवी घेऊन बसली होती. वकिलाने पासपोर्ट पाहिला, मग तिच्याकडे.

"कोणाच्या सांगण्यावरून सोडताय ताई?"

"परदेशी माणसाला शेत ठेवता येत नाही ना?"

"विकत घेता येत नाही. कोणी बक्षीस दिलं तरी घेता येत नाही. पण वारशाने आलेलं ठेवता येतं, बराबर कायद्यानं. वडिलांमागे आलंय तुमच्याकडं, राहू शकतं." त्याने पासपोर्ट मिटून तिच्यापुढे ठेवला. "सोडलं तर मात्र भावानं मनात आणलं तरी शेतजमीन म्हणून ते तुम्हाला परत देता यायचं न्हाई. विचार करा."

वैष्णवीने विचार केला. म्हणजे बाहेर पाहिलं. आई पिशवीतून साडीचा काठ काढून निरखत होती. नाही म्हटलं तर ती साडी परत पिशवीत जाईल, आणि तिच्याबरोबर दिवाळीही. बाप तर गेलाच होता.

"करते सही," ती म्हणाली.

निबंधक कार्यालयात फोटो झाला, अंगठे झाले. सोमेश्वरचे डोळे भरून आले. तो काही लबाड नव्हता, हीच तर पंचाईत. बाहेर लिंबाच्या झाडाखाली त्याने बहिणीच्या खांद्यावर साडी पांघरली आणि वाकून तिच्या पाया पडला.

"अक्का, हे नुसतं कागदावर हाय बग. तू म्हातारपणी इकडंच ये. इहिरीजवळचा तुजा कोपरा मी तुज्या नावानं करून देतो. बक्षीसपत्र करू. आईच्यान."

"बग बाई, भावाचं मन," गोजरबाई पदराने डोळे पुसत म्हणाली.

वकील काय म्हणाला ते सांगावं, असं वैष्णवीच्या तोंडाशी आलं होतं. पण भावाचा चेहरा इतका हलका झाला होता, की ते तिने गिळून टाकलं.

"दे," ती म्हणाली. "तोवर तिथं हळदच लाव."

आणि वर्षभर न आलेलं रडू तिला तिथेच, भर रस्त्यात आलं. आईला वाटलं, लेकीला साडी आवडली.