मैनाबाईच्या कानामागून

मी मैनाबाईच्या कानामागे बसणारं ऐकायचं यंत्र बोलतोय. भुईमुगाच्या शेंगेएवढा माझा जीव. आवाज उचलायचा, मोठा करायचा आणि आत सोडायचा, एवढंच माझं काम. त्याचा अर्थ लावणं माझ्या हातात नाही, आणि माझं सगळं दुःख तिथंच आहे.

पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत मैनाबाई आणि तिचा नवरा सहदेव राहायचे. मैनाबाईला कित्येक वर्षं नीट ऐकू येत नव्हतं, तरी त्यांचं निभायचं. सहदेवचा आवाजच तसा खणखणीत होता. पण त्याला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, आवाज मात्र पार बसला. तेव्हा मुंबईला कामाला असलेला त्यांचा मुलगा भरत आईला महाडला कानाच्या दवाखान्यात घेऊन आला, आणि मी तिच्या कानामागे चढलो.

तिथल्या मॅडमनी मोठ्यानं समजावलं, "आजी, ऐकतो तो मेंदू. कान नुसतं दार आहे. तुमच्या मेंदूची सवय मोडलीय. आधी गलबला वाटेल, पण रोज घाला. तो हळूहळू आवाज ओळखायला लागेल."

मैनाबाईनं मान डोलावली. त्यातलं 'रोज' तेवढं तिला पटलेलं नव्हतं.

पहिल्या दिवसाचं काय सांगू! ताट पडलं, कोंबडी ओरडली, पत्र्यावर वानर उडालं. मी इमानानं सगळं आत पोचवलं. तुमचा मेंदू हे सगळं सुपात घेऊन पाखडतो, हवं ते ठेवतो आणि बाकीचं उडवून देतो. मैनाबाईच्या मेंदूचं सूप किती वर्षं खुंटीला टांगलेलं. दाणा कुठला नि कोंडा कुठला, तिला कळेना.

नव्याचे नऊ दिवससुद्धा माझ्या वाट्याला आले नाहीत. "एवढी भारी वस्तू रोज घालून झिजवायची व्हय? सणावाराला घालीन," असं म्हणत तिनं मला नथीच्या डबीत ठेवलं. नथीला त्या डबीत मान वाटायचा. मी नुसता गुदमरायचो.

बाहेर सहदेव खाटेवर असायचा. मैनाबाई त्याला भरवायची आणि भरवून झालं की तो रोज विचारायचा, "जेवलीस का गो?" तिला फक्त ओठ हललेले दिसायचे. ती त्याला पाणी पाजायची.

शिमग्याला पालखी दारात आली, तेव्हा नथीबरोबर मीही बाहेर निघालो. समोर ढोल! तिनं मला उपटूनच काढलं. "भरत, मशीन बिघडलाय रे. नुसता टाळक्यात वाजतो."

"गो आये, रोज घालायला सांगितलं व्हतं ना!" भरत म्हणाला. तेही तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा डबीत.

पावसाळ्यात सहदेव फार थकला. एका दुपारी त्याचे ओठ हलतच राहिले. मैनाबाईनं धावत जाऊन डबी उपडी केली, मला कानामागे चढवलं आणि कान त्याच्या तोंडाशी नेला.

"अवो, बोला. घातलाय बगा."

"जेवलीस का गो?"

मी एकेक अक्षर न सांडता आत पोचवलं, देवाशपथ! पण तिच्या मेंदूला ती वाळल्या पानांची खसफस वाटली.

"काय हवं? पानी?"

तो जरासा हसला. तिनं चमच्यानं पाणी पाजलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही, आणि दिवस मावळायच्या आत तो गेला.

आता ती मला रोज घालते. सकाळी उठली की आधी मी, मग चूल. मुंगीच्या पावलानं का होईना, तिचा मेंदू शिकला. कोंबडी कुठली, फोनवरचा भरत कुठला, सगळं तिला कळतं. अगदी हळू बोललेलंही कळतं. पण घरात बोलणारं कुणी नाही. एकटीसाठी काय रांधायचं म्हणून ती बऱ्याचदा चहा पिऊनच निजते.

तो प्रश्न मला तोंडपाठ आहे, पण मला तोंडच नाही. मी फक्त दुसऱ्याचा आवाज पोचवू शकतो. म्हणून तुम्हाला हात जोडतो. कधी त्या वाडीवरून गेलात, तर दारात जरा थांबा आणि मैनाबाईला विचारा, जेवलीस का गो? ओरडू नका. हळूच विचारा.